जाताना एकपदरी, येताना दुपदरी

१

दुपारचा चहा गॅसवर चढला की माझा फोन टिंग करतो.

"वाजली तुमची घंटी," अनुसया म्हणते. "बसा आता डोळे फोडत."

अनुसया माझी बायको. घंटी मात्र प्रणालीची. प्रणाली माझी नात, माझ्या मुलाची, चंदनची मुलगी. तिची आई ती रांगत असतानाच गेली, म्हणून पोर आमच्या दोघांच्याच हातावर वाढली. मागच्या दिवाळीनंतर ती नोकरीसाठी मलेशियात गेली, पेनांग नावाच्या बेटावर. दिवसभर कारखान्यात यंत्रापुढे उभी असते. संध्याकाळी घरी येऊन पाय पसरावेत, दोन घास खावेत, तर नाही. पळायला जाते. आमच्याकडे दुपारचा चहा होतो तेव्हा तिकडे उन्हं उतरलेली असतात.

पळते म्हणजे बस सुटते म्हणून नाही, कुत्रं मागे लागलं म्हणून नाही. उगीच. समुद्राच्या कडेकडेने एक रस्ता आहे. त्या रस्त्याने बेटाच्या टोकापर्यंत जायचं. तिथे सरकारने मोठं जंगल राखून ठेवलं आहे. त्याच्या फाटकातून आत शिरायचं, झाडांखालच्या पायवाटेने लाकडी पुलापर्यंत जायचं, आणि गेलं तसंच परत यायचं. काही आणायचं नाही, कोणाला भेटायचं नाही. मला हे कधीच समजलं नाही.

जाण्याआधी तिने पळण्याच्या ॲपमधलं तिचं खातं माझ्या फोनात उघडून दिलं होतं. तिच्या मनगटावरचं घड्याळ नकाशावर लाल रेघ ओढतं आणि ती रेघ मला इथे हुडकेश्वरला दिसते. निघाली की टिंग. खोलीवर परत आली की पुन्हा टिंग, आणि अक्षरं उमटतात, "प्रणाली घरी पोहोचली." ती अक्षरं वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. तोवर चहाचं पाणी झालेलं असतं, आणि अनुसया तो पुन्हा गरम करून देत नाही.

जंगलात शिरली की रेघ तुटते. झाडी दाट आहे, वरचं काही खाली पोहोचत नाही म्हणे. ती बाहेर आली की रेघ पुन्हा सुरू होते. मधे फट राहते. मग फोन विचारतो, "तुटलेला भाग जोडायचा?" खाली हो आणि नाही. मी अंगठा जिभेला लावतो आणि हो दाबतो.

या अंगठ्यावरून आमची रोजची कटकट. मी चौथी शिकलो आणि मागावर बसलो. जन्मभर लुगडी विणली. मागावर सूत तुटलं की पुढे जाता येत नाही. दोन्ही टोकं चिमटीत धरायची, अंगठा ओला करायचा, पीळ द्यायचा, मगच आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा. तुटलेलं दिसलं की डोक्याच्या आधी हात जातो. माग विकून आम्ही चंदनच्या घरी राहायला आलो, पण हात माझ्यासोबतच आला.

"आबा, फोनले थुंकी नका लावू!" प्रणाली रोज व्हिडिओ कॉलवर ओरडायची. "किती येळा सांगितलं! शी!"

"मग कोरड्या हातानं सूत धरते का कुठं?"

"ते सूत नाही आहे आबा!"

एवढ्यात अनुसया फोन ओढून घ्यायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी पिली का वं?" आमच्या घरी बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, नाव-गाव नंतर.

"हो वं आजी, पिली! रोज काय तेच ते!"

अशी आमची दुपार. सगळेच एकमेकांवर वैतागलेले. बरं चाललं होतं.

२

एप्रिलमधल्या एका दुपारी ती जंगलातून बाहेर आली आणि फोनने नेहमीसारखं विचारलं. जोडायचा?

मी नकाशा मोठा केला. फटीच्या अलीकडे तिचं आत गेलेलं टोक होतं, पलीकडे बाहेर आलेलं टोक. आणि त्याच्याजवळ आणखी एक बारीक रेघ होती. ती पुलाच्याही पलीकडून, जिथे पायवाट नाही अशा हिरव्यातून, निघालेली. प्रणाली पुलापलीकडे कधी जात नाही. त्या रेघेचं टोक फटीपाशी येऊन थांबलं होतं, दुसऱ्या कांडीचं सूत चुकून मागावर यावं तसं.

असं सूत दिसलं तर विणकर ते उचलून बाजूला काढतो. मला ते ठाऊक आहे. पण हात आधी गेला. अंगठा ओला झाला होता. हो.

तिन्ही टोकं एका जागी आली.

ती परतीच्या रस्त्याला लागली तेव्हा रेघ मला जाड वाटली. मी चष्मा पुसला. जाताना एकपदरी होती, येताना दुपदरी. दोन रेघा, रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवून, बरोबरीने. एक वळली की दुसरी वळायची. मधे सिग्नलपाशी एक थांबली. दुसरीही थांबली.

मग टिंग. "प्रणाली घरी पोहोचली."

मी कप उचलला. तो तोंडाला लागायच्या आत पुन्हा टिंग झाली. "प्रणाली घरी पोहोचली."

स्वयंपाकघरातून अनुसया म्हणाली, "दोनदा काहून वाजलं?"

"मले काय माहीत? त्या फोनले विचार."

"तुमीच बिघडवला असान. सतत बोटं घालून राह्यता."

३

मी प्रणालीला फोन लावला. चेहरा घामाने भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. मागे तिच्या खोलीचं दार, दारापाशी पायपुसणं.

"काय झालं आबा? आताच तर आली मी."

"आज तुझ्यासंग कोणी होतं का?"

"नाही गा आबा. काहून?"

"नकाशात दोन रेघा आल्या."

ती हसली. "घड्याळाचा घोळ असन." मग टॉवेलने मान पुसता पुसता म्हणाली, "तसं येताना कोणीतरी होतं मागं. इथं लय लोक पळतात. पण ते गंमतच करत होतं. माझ्या पावलात पाऊल. मी हळू झाली की हळू, मी जोरात की जोरात. मले वाटलं पुढं निघून जाईन. मी बाजूले झाली, तर कोणीच नाही."

"उद्या नको जाऊ."

"आबा, तुमी बी ना! एवढ्याशासाठी?"

"पाणी पिली का वं?" अनुसयेने मधे तोंड घातलं.

"पिली आजी, पिली!"

तिने फोन ठेवला. मी मात्र तिच्या मागचं पायपुसणं पाहिलं होतं. तिचे बूट स्टँडवर होते, कोरडे. पायपुसण्यावर अनवाणी पावलांची ओली खूण होती, बोटं खोलीकडे वळलेली. तिने पाय धुतले असतील. पळून आलं की माणूस पाय धुतो. मी स्वतःला असंच समजावलं.

४

चंदन वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे. दिवसभर ट्रकवाल्यांशी ओरडून घरी येतो, त्यामुळे घरी कोणी काही सांगू लागलं की आधीच कंटाळतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने फोन बंद केला, चालू केला, शर्टाला पुसला.

"बाबा, ओल्या बोटानं फोन वेडा होते. एका जागी दाबा तर चार जागी दाबल्या जाते. बस, एवढंच."

"आणि मागं पळणारा?"

"सडक आहे ती. सडकेवर माणसं राहणारच."

बोलणं पटण्यासारखं होतं. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, दोन रेघा त्यामुळेही दिसू शकतात. मी ट्रंकेतून जुनं लुगडं काढून त्याचा काठ उन्हात धरून पाहिला. काठातलं प्रत्येक सूत एकेकटं दिसलं. मला त्याचाही वैताग आला.

दुसऱ्या दिवशी मी अंगठा सदऱ्याला कोरडा पुसून बसलो. फोनने विचारलं, मी नाही दाबलं. फट तशीच राहिली. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होत होतं, तरी हात आवरला. उपयोग झाला नाही. येताना रेघ दुपदरीच. त्यानंतर रोजच दुपदरी. फक्त दोघींमधलं अंतर कमी होत चाललं. रस्त्याएवढं होतं ते हातभर झालं. नंतर दोन्ही रेघा चिकटल्या, आणि मग एकमेकींत अशा पिळल्या गेल्या की कोणती कोणाची ते मला ओळखू येईना.

मग प्रणालीला ताप आला. सकाळीच तिचा फोन आला होता, आज कामावर नाही, पळायलाही नाही, झोपून राहणार. मी म्हटलं, चला, एक दिवस तरी सुटलो.

दुपारी चहाचं पाणी उकळलं आणि टिंग झाली.

रेघ निघाली होती. तिच्या घरापासून नाही. जंगलातून. पुलावरून, पायवाटेने, फाटकातून, समुद्राच्या रस्त्याने, जराही न थांबता ती रेघ माझ्या नातीच्या इमारतीकडे येत होती. मी नुसता बघत बसलो. काय करणार होतो? हुडकेश्वरहून कोणाला अडवणार?

टिंग. "प्रणाली घरी पोहोचली."

मी फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. अंधारात तिचा चेहरा पुरता दिसत नव्हता.

"आबा," ती हळू म्हणाली, "कोणीतरी बाहेर पळून राहिलं."

"रस्त्यावर?"

"दाराबाहेर. एकाच जागी."

मी फोन कानाला लावला. आधी तिचा श्वास ऐकू आला. त्याच्यामागे, दूर, ओल्या पावलांचा आवाज. थप, थप, थप, थप. सिग्नलला थांबलेला पळणारा माणूस जागच्या जागी पाय उचलत राहतो तसा. घाई नाही. दार उघडेपर्यंत फक्त पाय गरम ठेवायचे आहेत, असा.

"उघडू नको वं माय," मी म्हटलं. "काही झालं तरी उघडू नको."

५

चंदन म्हणाला, तापात असे भास होतात. अनुसया म्हणाली, तिला परत बोलवा. प्रणाली म्हणाली, सुट्टी मिळत नाही, आणि रडत रडत हसली, "आबा, तुमी नका टेन्शन घेऊ, मीच येडी झाली." तिच्या बोलण्यामागे तो थप थप आवाज मात्र रोज येतच होता. ती सांगायची नाही, मी विचारायचो तेव्हा विषय बदलायची.

मी फोन घेऊन बसलो. त्यात तोडायचं बटण कुठे सापडेना. जोडायचं आहे, वाटायचं आहे, मित्रांना दाखवायचं आहे, फुलं पाठवायचीही सोय आहे. तोडायचं नाही. कोणत्या माणसांनी हे बनवलं, त्यांना मागावर एक दिवस बसवायला हवं होतं.

चुकीचं सूत एकदा कापडात गेलं की त्याला नुसतं कापून चालत नाही. टोक लोंबत राहतं आणि शेजारचं सूत ओढत राहतं. ते ओढून दुसरीकडे बांधावं लागतं. गाठ मी मारली होती. दुसरीकडे म्हणजे कुठे, हाही प्रश्न नव्हता. माझ्याच दाराशी.

मी चंदनचे जुने कॅनव्हासचे बूट घातले.

"आता हे काय नवीन?" अनुसया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोलीस भरतीत चालले का म्हातारपणी?"

"फिरून येतो."

"मे महिन्यात? भर उन्हात? डोक्याले रुमाल तरी बांधा!"

मी रुमाल बांधला आणि फोनवर "सुरू" दाबलं. आमच्या लेआउटमध्ये अर्धी घरं झाली आहेत, अर्ध्या प्लॉटवर बाभळी आहेत. रेतीचे ढीग, उघडी नाली, सावलीला पडलेली कुत्री. मी पळालो असं म्हणता येणार नाही. चालण्यापेक्षा जरा जास्त, एवढंच. पायल नावाची शेजारची पोरगी गॅलरीतून ओरडली, "आबाजी, कोण मागं लागलं?" मी हात हलवला. मंदिरापर्यंत गेलो आणि परत आलो. छाती भात्यासारखी चालत होती.

घराच्या पायरीवर बसून मी फोन पाहिला. खातं तिचंच, त्यामुळे माझी रेघही त्याच नकाशावर उमटली होती, वाकडीतिकडी, दारापाशी संपलेली. नकाशा लहान करत गेलो, करत गेलो. मधे सगळा समुद्र. पलीकडच्या काठावर बेट, आणि बेटावर तिच्या दारात ते पिळलेलं टोक.

फोनने विचारलं, "तुटलेला भाग जोडायचा?"

मी अंगठा ओला केला.

६

दुसऱ्या दिवसापासून तिकडे सगळं शांत झालं. प्रणालीचा ताप उतरला. दाराबाहेर आवाज नाही. ती पळायला गेली, रेघ जाताना एकपदरी, येताना एकपदरी. टिंग एकच.

"पाहा," चंदन म्हणाला, "मी अपडेट केलं म्हणून झालं."

करू दे त्याला अपडेट.

प्रणालीचा चेहराही खुलला होता. फोन केला की लगेच उचलायची. मी म्हटलं, जंगलात नको जाऊस. ती म्हणाली, "हो आबा." मी म्हटलं, लवकर जेवत जा. "हो आबा. जसं तुमी म्हणान तसं." मी मुद्दाम तिच्यासमोर अंगठा जिभेला लावून फोनवर फिरवला. ती नुसती हसत होती.

अनुसयेने विचारलं, "पाणी पिली का वं?"

"पाणी?" ती म्हणाली. "काहून?" आणि पुन्हा हसली.

"शहाणी झाली पोरगी," फोन ठेवून अनुसया म्हणाली. "उलटून बोलली नाही आज."

मला बरं वाटायला हवं होतं. पण सगळी दुपार मला कशाची तरी चुकामूक झाल्यासारखं वाटत राहिलं.

दुसरी रेघ संपली नव्हती. रोज दुपारी ती थोडी पुढे सरकायची. समुद्रावरून. विमानासारखी सरळ नाही, पळणाऱ्याची असते तशी, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, कुठे दम लागल्यासारखी संथ. पाण्यावरून माणूस पळत नाही हे मलाही कळतं. म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी ती किनाऱ्याला लागली. नंतर डोंगरातून, शेतांतून आली. काल उमरेडच्या अलीकडे थांबली. तिथून आमचं घर लांब नाही.

७

अनुसयेला मी कामठीला तिच्या बहिणीकडे पाठवलं. "मले काहून हाकलून राहिले?" असं म्हणत म्हणत ती ऑटोत बसली. चंदन गोदामात होता. मी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसलो. बाहेर ऊन एवढं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता.

चहा ठेवला नव्हता, तरी चहाच्या वेळी टिंग झाली.

"प्रणाली घरी पोहोचली."

मी कूलर बंद केला. पाणी थेंबथेंब गळायचं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ऐकू आलं.

थप, थप, थप, थप.

आमच्या दाराखाली बोटभर फट आहे. चंदनला सांगून थकलो, पण तो ती बुजवत नाही. त्या फटीतून पाणी आत आलं. मी बोट लावून पाहिलं. त्यात रेती होती, बांधकामाची नाही, पिठासारखी बारीक. मी वाकून फटीला डोळा लावला. तापलेल्या फरशीवर दोन अनवाणी पावलं खालीवर होत होती. रक्ताळलेली, सोललेली, शिंपल्यांनी चिरलेली. त्याच्या वरचं दिसत नव्हतं. पावलं लहान होती. उचलायची आणि टेकायची, उचलायची आणि टेकायची, जणू कोणी थांबच म्हटलं नव्हतं.

भीती होतीच. पण त्याहून जास्त मला कीव आली. इतक्या लांबून पळत आलेलं होतं.

मी माठातून लोटा भरला. खिडकी उघडली, भिंतीकडे तोंड करून हात बाहेर काढला आणि लोटा दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवला. पावलं हळू झाली. थांबली. घटाघटा पाणी प्यायचा आवाज आला, मधे श्वास घेऊन पुन्हा. लोटा कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

पाणी झालं होतं. आता नाव विचारायचं.

"कोण आहे गा?" मी म्हटलं.

आधी नुसती धाप ऐकू आली. मग दाराला टेकून, घसा बसलेल्या आवाजात, कोणीतरी वैतागून बोललं.

"किती... किती येळा सांगितलं आबा... फोनले थुंकी नका लावू."

माझा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी पायरीवर बसून मी एक टोक इकडे ओढून घेतलं होतं. दोन्ही एकमेकांत पिळलेली होती. त्यातलं कोणतं ओढलं, हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या हातातला फोन वाजू लागला. काचेवर प्रणालीचा फोटो, पेनांगहून. तिकडची. हसणारी.

बाहेर पावलं पुन्हा सुरू झाली, पण आता फार थकलेली. फोन वाजत राहिला. मी अंगठा सदऱ्याला पुसला, कोरडा केला, आणि कडी काढली.